अर्क, आसव आणि अबकारी

माझी एक पुतणी बंगळुरूला असते. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात नाना प्रयोग, असा तिचा क्रम आहे. काही महिन्यांपूर्वी कार्यालयीन कामासाठी तिकडे गेलो असता तिच्याकडे उतरलो होतो. ओट्यावरच्या फडताळात गडद रंगाच्या काचेच्या पाच-सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीत रममध्ये बुडवलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा, दुसरीत व्होडकात संत्र्याची साल, तिसरीत आले, चौथीत तुळस आणि शेवटच्या बाटलीत गुळवेल. प्रत्येकीवर तारीख लिहिलेली. मी कौतुकाने पाहत असताना तिने सहज विचारले, "काका, तुम्ही सरकारात आहात म्हणून विचारते. हे घरी करणे हा गुन्हा आहे का?"

सरकारी नोकराला अशा प्रश्नाचे एकच उत्तर सुचते, "पाहून सांगतो." तेच मी दिले. नंतर खरोखरच पाहिले, आणि जे दिसले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर याचा विशेष उपयोग व्हावा, कारण या विषयात राज्याची सीमा ओलांडली की कायदा बदलतो. (मते अर्थातच माझी व्यक्तिगत आहेत.)

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा. आपण बोलताना कशालाही 'अर्क' म्हणतो. वैद्यकाच्या परंपरेत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने, वाफ धरून काढलेले पाणी. पाण्यात उकळून आटवला तो काढा. गूळ वा मध घालून, धायटीची फुले टाकून, भांड्याचे तोंड बंद करून आंबवले की आसव किंवा अरिष्ट. आणि वनस्पती तयार मद्यार्कात भिजवून तिचा सार ओढून घेतला की ते टिंक्चर. आमच्या पिढीला हा शब्द फुटलेल्या गुडघ्यावर लावलेल्या आयोडीनच्या झणझणीमुळे ठाऊक आहे. आयोडीन वनस्पती नव्हे, पण विरघळवणारे द्रव्य तेच.

मद्यार्कच का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. पाणी साखर, डिंक, काही क्षार ओढते. तेले आणि राळा त्याला दाद देत नाहीत. शुद्ध मद्यार्क तेले-राळा ओढतो, पण डिंकाला हात लावत नाही. दोहोंचे मिश्रण केले की प्रमाणानुसार हवे ते द्रव्य बाहेर काढता येते. शिवाय पुरेसा मद्यार्क असला की बुरशी व जंतू वाढत नाहीत आणि बाटली वर्षानुवर्षे टिकते. भारतात मिळणाऱ्या रम-व्होडकाचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते. हा विचित्र आकडा इंग्रजी अमदानीतील 'प्रूफ' मोजमापाचा वारसा आहे: प्रूफ स्पिरिट म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, आणि त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे ४२.८. साम्राज्य गेले, प्रूफ गेले, तीन चतुर्थांश मात्र बाटलीत राहिले.

व्हॅनिलासाठी ही तीव्रता अगदी योग्य ठरते. व्हॅनिलाच्या अर्काची प्रमाणभूत व्याख्या अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत आहे: मद्यार्क किमान ३५ टक्के आणि एका लिटरला ढोबळमानाने शंभर ग्रॅम शेंगा. म्हणजे शेंगा उभ्या चिरून रममध्ये टाकाव्यात, बाटली अंधारात ठेवावी, अधूनमधून हलवावी आणि दोन-तीन महिने विसरून जावे. एवढीच कृती. बाजारात 'व्हॅनिला इसेन्स' म्हणून मिळणारी स्वस्त बाटली बहुधा कारखान्यात बनलेल्या व्हॅनिलिनची असते. तिचा वेलीशी काही संबंध नसतो.

आता पुतणीचा प्रश्न. घरी रम ठेवणे बंगळुरूत गुन्हा नाही. दुकानातून रीतसर घेतलेली, विहित मर्यादेतील बाटली कोणीही बाळगू शकतो. अडचण पुढे आहे. आपल्या अनेक राज्यांच्या अबकारी कायद्यांत 'निर्मिती' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मद्य गाळणे तर तिच्यात येतेच. शिवाय मद्याला स्वाद देणे, रंग देणे, त्यात मिसळण करणे या क्रियाही येतात. व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावठीत रंग घालून ती विलायती म्हणून विकणारा भामटा होता, हे उघड आहे. परंतु शब्दशः वाचली तर शेंग रममध्ये पडली त्या क्षणी माझी पुतणी विनापरवाना मद्यनिर्माती झाली. तिच्यावर कोणी खटला भरणार नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि तिलाही. पण 'भरणार नाही' आणि 'भरता येत नाही' या दोहोंत जे अंतर आहे, त्यावर आपल्याकडे बऱ्याच जणांचा चरितार्थ चालतो.

हे अंतर मला पहिल्यांदा नीट दिसले ते २००४ साली.

त्या वेळी मी दक्षिणेत, वाणिज्य-व्यापाराशी संबंधित एका केंद्रीय कार्यालयात कनिष्ठ अधिकारी होतो. तो व्हॅनिलाच्या सोन्याचा काळ होता. २००० साली मादागास्करला हुदाह चक्रीवादळाचा तडाखा बसला, जगाचा पुरवठा आटला आणि भाव चढू लागले ते २००३-०४ पर्यंत वाळवलेल्या शेंगांना किलोमागे पाचशे डॉलरच्या घरात गेले. कर्नाटक-केरळातील सुपारीच्या व कॉफीच्या बागांत जो तो व्हॅनिलाची वेल चढवू लागला. चोरीच्या भीतीने बागांवर रात्री पहारे बसले. ही वेल मूळची मेक्सिकोची. तिचे परागीभवन करणारी माशी इकडे नाही. म्हणून प्रत्येक फूल उमलेल त्या सकाळी काडीने, हाताने फलित करावे लागते. ही युक्ती १८४१ साली रेयुनियाँ बेटावर एदमों अल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. अब्जावधींचा व्यापार त्याच्या बोटांतल्या त्या हालचालीवर उभा राहिला आणि तो स्वतः दारिद्र्यात मेला. कोडगूत हे काम बहुतांशी बायका करीत.

अशाच एका बागेत गेलो असता मालकीणबाईंनी माझ्यापुढे लहानशी बाटली ठेवली. घरच्या शेंगा, लष्कराच्या कँटीनची रम; त्यांचे यजमान माजी सैनिक होते. बूच काढले आणि खोली दरवळली. बाईंचे म्हणणे सरळ होते. "आम्ही हिरव्या शेंगा विकतो. पाच-सहा किलो हिरव्या वाळवल्या की एक किलो काळ्या होतात. त्या दलाल घेऊन जातो, आणि पुढे परदेशात त्यांचा अर्क होतो. तो अर्क आम्हा दहा-बारा बायकांना येथेच करता आला तर? शेंगा आमच्या आहेत, बाटल्या मिळतील. फक्त स्पिरिट कुठून आणायचे, ते सांगा."

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. कच्चा माल विकणाऱ्याच्या वाट्याला भावातील सारी अस्थिरता येते आणि प्रक्रिया करणाऱ्याच्या वाट्याला स्थैर्य. अर्क बाटलीत वर्षानुवर्षे टिकतो, किंबहुना सुधारतो. तो साठवून भाव पाहून विकता येतो. हिरव्या शेंगेला तेवढी सवड नसते. बाईंनी हे कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. मी वाचले होते, आणि म्हणून उत्साहाने त्यांचा अर्ज घेऊन आलो.

अर्जाचे काय झाले? मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यासाठी त्या वेळी १९५५चा एक केंद्रीय कायदा होता. त्याची रचना मौजेची होती: कर केंद्राने बसवायचा, वसूल राज्यांनी करायचा आणि पैसेही राज्यांनीच ठेवायचे, संविधानाच्या अनुच्छेद २६८ मध्ये तशी तरतूदच होती. त्या कायद्याखाली करमुक्त स्पिरिट वापरणाऱ्या कारखान्याला बंधपत्र द्यावे लागे, स्पिरिटची कोठी अबकारी अधिकाऱ्याच्या कुलपाखाली राही आणि थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागे. परंतु व्हॅनिलाचा अर्क हे औषध नव्हे, प्रसाधन नव्हे आणि मद्य तर नव्हेच. तो खाद्यपदार्थाचा स्वाद. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मद्याच्या सेवनावर बंदी आणण्याचे जे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यात 'औषधी प्रयोजना'चा अपवाद आहे, स्वयंपाकघराचा नाही. म्हणजे बाईंची बाटली कोणत्याच रकान्यात बसत नव्हती, आणि जे रकान्यात बसत नाही ते राज्याच्या अबकारी खात्याच्या मर्जीवर.

अर्ज मी संबंधित कार्यालयाकडे पाठवला. टिपणीत लिहिले: 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.' आज ते तीन शब्द आठवले की मला माझी लाज वाटते. दहा-बारा बायकांना वर्षाला किती स्पिरिट लागेल, त्यातून मद्य म्हणून पळवाट निघण्याचा धोका किती, तो कसा रोखता येईल, यांपैकी एकाही प्रश्नाचा विचार मी त्या कागदावर केला नव्हता. उत्तर सुमारे अकरा महिन्यांनी आले. बंधपत्र, स्वतंत्र कोठी, तिचा नकाशा आणि देखरेखीच्या अधिकाऱ्याचा खर्च, अशी लांबलचक यादी होती. मोठ्या कारखान्यासाठी ती अवास्तव नव्हती. कार्यालयाला दोष देण्यात अर्थ नाही; मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते कसे देणार?

तोवर मादागास्करचे पीक सावरले होते. भाव अवघ्या वर्ष-दोन वर्षांत दशांशावर आले. कोडगूच्या त्या बागेत मी पुन्हा गेलो तेव्हा सुपारीच्या खोडांवर मिरीचे वेल होते. बाईंनी कॉफी दिली, विचारपूस केली. अर्जाविषयी त्यांनी काही विचारले नाही, आणि मीही विषय काढला नाही.

अबकारी खात्याला भीती कशाची वाटते, हे मात्र समजून घेतले पाहिजे. ती भीती निराधार नाही, आणि तिचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधनेही बंदीच्या कक्षेत घेतली होती. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग अवैध ठरवला. लागलीच प्रश्न उभा राहिला: ज्याच्या तोंडाला वास येतो, तो दारू प्यायला की टॉनिक? पेसिकाका खटल्यात आरोपीने नेमका हाच बचाव केला की आपण मद्यार्कयुक्त टॉनिक घेतले होते, आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. दारूबंदीच्या त्या काळात मुंबईत सुंठीच्या टिंक्चरला आलेली बरकत पोटदुखीच्या रोग्यांमुळे नव्हती, हे जुने मुंबईकर सांगतात.

पुढे नियमांनी टिंक्चरला कुंपणे घातली. होमिओपॅथीच्या ज्या औषधात १२ टक्क्यांहून अधिक मद्यार्क आहे, ते किरकोळ विक्रीत तीस मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही. आसव-अरिष्टांसाठी कायद्याने जन्माचा भेद केला: मद्यार्क आंबण्यातून आपोआप आत उपजला की बाहेरून ओतला? उपजलेल्याला सवलत, ओतलेल्यावर कर. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही रेणू एकच आहेत. भेद फक्त कुळाचा.

तथापि कुंपण घालणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. ती अमेरिकेतील दारूबंदीच्या काळातील आहे. तेथे 'जमैका जिंजर' नावाचा आल्याचा तीव्र अर्क औषध म्हणून विकण्यास मुभा होती. तो पिण्याजोगा राहू नये म्हणून त्यात आल्याचे प्रमाण भरपूर असावे, असा दंडक होता, आणि तपासनीस अर्क उकळून मागे उरणाऱ्या घन पदार्थाचे वजन पाहत. कारखानदारांनी आले कमी केले आणि वजन भरण्यासाठी एरंडेल किंवा काकवी घातली. १९३०च्या सुमारास कोणी त्याऐवजी उद्योगात वापरले जाणारे एक स्वस्त, बेचव रसायन घातले. तपासणीत माल उत्तीर्ण झाला. पिणाऱ्या हजारो गरिबांचे पाय लुळे पडले. तपासनीस प्रामाणिक होता, तराजूही खरा होता. मोजत होता ती वस्तू मात्र चुकीची होती. प्रशासनाच्या प्रशिक्षणवर्गात ही कथा शिकवली जावी असे मला वाटते. आम्हांला तेथे पत्रव्यवहाराचे नमुने शिकवले जात.

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे, २०२२ साली गुजरातेत बोटाद परिसरात चाळिसांहून अधिक, २०२४ साली तमिळनाडूत कल्लकुरिची येथे साठांहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉलने. २०२३ साली गुजरातेतीलच खेडा जिल्ह्यात आसव-अरिष्ट म्हणून विकल्या गेलेल्या बाटलीने बळी घेतले, तेथेही मिथेनॉलच निघाले. यांपैकी कोणालाही घरात व्हॅनिला भिजवणाऱ्या बाईने मारलेले नाही. जेथे शुद्ध इथेनॉल कराने महाग केलेले असते किंवा बंदीने अप्राप्य, आणि औद्योगिक मिथेनॉल स्वस्त व सैल देखरेखीत असते, तेथे हे घडते. दोन सारख्या दिसणाऱ्या द्रवांच्या किमतींतील ही दरी हे मृत्यूचे खरे अर्थशास्त्र आहे.

म्हणून घरच्या अर्काविषयी माझे मत असे, की महसुलाचा मुद्दा येथे उद्भवतच नाही. पुतणीने रमची जी बाटली घेतली, तिच्या किमतीचा मोठा हिस्सा करच होता. तो भरला गेला. त्यानंतर ती रम ती प्याली, केकमध्ये घातली की शेंगांवर ओतली, याने तिजोरीला एका पैशाचाही फरक पडत नाही. उलट शेंगा घातलेली रम पिण्याच्या लायकीची राहत नाही. अशा वापराला 'निर्मिती'च्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळावे: कर भरलेले मद्य, घरगुती वापर, विक्री नाही. एका वाक्याची दुरुस्ती आहे. ती न केल्याने कोणाचे बिघडत नाही, असे म्हणणारे सहकारी मला भेटतात. जो कायदा कोणीच पाळत नाही आणि कोणीच लावत नाही, तो एखाद्या दिवशी एखाद्यालाच लावला जातो, एवढेच मी त्यांना सांगतो.

विक्रीचा प्रश्न निराळा आहे, आणि तेथे मी तेवढा उदार नाही. मडिकेरीच्या रस्त्यावर 'होममेड वाइन'च्या पाट्या कोणीही पाहाव्यात. घरगुती या शब्दाखाली काय काय खपते आणि पर्यटक काय काय विश्वासाने पितो, ते पाहिल्यावर विक्रीला परवाना व तपासणी हवीच असे वाटते. पण परवाना प्रमाणात असावा. वर्षाला शे-दोनशे लिटर स्पिरिट लागणाऱ्या गटाला कोठी, नकाशा व अधिकाऱ्याचा पगार लादणे म्हणजे नाही म्हणण्याची सभ्य रीत होय. त्याऐवजी कर भरलेले, तपासलेले स्पिरिट जिल्ह्याच्या ठिकाणी ठरावीक कोट्याने मिळावे आणि ते घेताना प्रत्येक पाच लिटरमागे विवक्षित वजनाच्या शेंगा त्यात तेथेच टाकून बाटली मोहोरबंद करावी. एकदा शेंगा पडल्या की पळवाटीचा मोह संपला. अर्थात तपासायची ती शेंग, केवळ घन अवशेषाचे वजन नव्हे.

हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. मार्च २०२० मध्ये सॅनिटायझरचा तुटवडा पडला तेव्हा मद्याच्या भट्ट्यांना व साखर कारखान्यांना ते बनवण्याचे परवाने अतिशय वेगाने देण्यात आले. २००४ साली अकरा महिने घेणारी हीच ती यंत्रणा. तिला वेग येतो. कोणासाठी यावा, हे ठरवावे लागते. याच वर्षाची दुसरी बाजूही नोंदवतो: जुलै २०२० मध्ये आंध्रातील कुरिचेडू येथे दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन दहाहून अधिक माणसे मेली. दोन्ही घटना एकाच फायलीत लागल्या पाहिजेत.

कायद्याचे चित्र यापुढे सोपे होईल असे मात्र दिसत नाही. १९५५चा तो कायदा २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा निरस्त झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या 'मादक मद्य' या विषयात मोडतो असा निर्णय दिला आणि १९८९ पासूनची उलट भूमिका रद्द केली. मिथेनॉलच्या घटना पाहता राज्यांच्या हाती नियंत्रण असणे योग्यच आहे. परंतु याचा अर्थ असाही, की बंगळुरूतील पुतणी उद्या बदली होऊन अहमदाबादला किंवा पाटण्याला गेली, तर फडताळातील त्याच बाटल्या तिला अडचणीत आणू शकतील. गुजरात व बिहार ही दारूबंदीची राज्ये आहेत. सामान बांधताना मसाल्याच्या डब्यांबरोबर त्या बाटल्या बांधल्या जाऊ नयेत, एवढी खबरदारी परप्रांतात फिरणाऱ्या मराठी कुटुंबांनी घ्यावी.

आता त्या शेवटच्या दोन बाटल्या, तुळस आणि गुळवेल. येथे मला अबकारी खात्यापेक्षा वैद्यकाची भीती अधिक वाटते, आणि आश्चर्य असे की याविषयी सरकार जवळपास गप्प आहे. द्रावकावर पहारा आहे, विक्रीवर औषध प्रशासनाची नजर आहे. घरात स्वतःसाठी काढलेल्या तीव्र अर्काविषयी साध्या भाषेतील चार ओळींचे पत्रकही कोणी छापलेले माझ्या पाहण्यात नाही. स्वाद आणि औषध यांत भेद आहे. व्हॅनिलाचे थेंब जास्त पडले तर खीर बिघडते. औषधी वनस्पतीचे अनेक क्षाराभ पाण्यापेक्षा मद्यार्कात अधिक उतरतात आणि थोड्या द्रवात एकवटतात. बचनाग, धोतरा, कण्हेर यांच्या बाबतीत तर चमचाभर चुकीलाही क्षमा नाही. गुळवेल निरुपद्रवी समजली जाते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिचा प्रतिवाद करताना दिसायला सारख्या असणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असे म्हटले. क्षणभर मंत्रालयाचेच म्हणणे खरे धरू. मग जी वेल ओळखण्यात गल्लत होऊ शकते, ती आठव्या मजल्यावरील सदनिकेत, भाजीवाल्याने आणून दिलेल्या जुडीवरून माझी पुतणी कशी ओळखणार?

आणि एक गोष्ट, जी लिहिण्याची गरज पडू नये, पण पडते. रम महाग म्हणून काही उत्साही मंडळी फर्निचरच्या दुकानातील स्पिरिट वापरतात. ते विकृत केलेले असते, म्हणजे पिता येऊ नये म्हणून त्यात बहुधा मिथेनॉलसारखे विष मुद्दाम मिसळलेले असते. ते वासाने ओळखता येत नाही, गाळून जात नाही, उन्हात ठेवून उडत नाही. सॅनिटायझरचेही तेच. पोटात जाणाऱ्या अर्कासाठी परवानाधारक दुकानातील मोहोरबंद बाटलीखेरीज काहीही वापरू नये.

पुतणीला मी हे सारे दूरध्वनीवर सांगितले. 'पाहून सांगतो' म्हटल्याला सहा आठवडे झाले होते. सरकारी मानाने लवकरच. रमच्या बाटलीची पावती जपून ठेव, कार्यालयातील मैत्रिणींना भेट दे पण पैसे घेऊ नकोस, तुळस-गुळवेल आजीला देऊ नकोस. तिला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. तिने निमूट ऐकून घेतले. मग म्हणाली, "गुळवेल ओतून टाकते. पण काका, व्हॅनिलाच्या शेंगा मी कोडगूच्या एका बागेतून थेट मागवते. त्या बाई विचारत होत्या, की आम्हालाच अर्क करून विकायचा असेल तर स्पिरिट कुठे मिळते?"

त्याच बाई नव्हेत. मी नाव-गाव विचारून खात्री करून घेतली. या वेळी टिपणी मी स्वतः लिहायला घेतली आहे. वार्षिक गरज, पळवाटीचा धोका आणि तो रोखण्याची रीत, असे तीन परिच्छेद झाले आहेत. चौथा, तपासणी कोणी व कशाची करावी याचा, अजून मनासारखा उतरत नाही.